खाऊन बघ, करून ठेव, घेऊन ये

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की नोकरीसाठी परदेशी भाषा शिकणाऱ्यांनी किंवा शिकायचा विचार करणाऱ्यांनी आपल्या अडचणी कळवाव्यात. सगळ्यात जास्त पत्रं आली ती ठाणे-बेलापूर पट्ट्यातून. कोपरीत २२ वर्षं संध्याकाळचे जपानीचे वर्ग घेते आहे, त्यामुळे बहुतेक प्रश्न ओळखीचे होते. तरी त्यातल्या एका गोष्टीने मन अस्वस्थ झालं. ती पहिल्याच पत्रात आहे.

प्रश्न : ताई, मी आयटीआय फिटर आहे. वय २३. दिघ्याला राहतो, रबाळे एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहे. शिक्षण मराठी शाळेत. जपानला जायची इच्छा आहे. एका क्लासमध्ये चौकशी केली तर म्हणाले, तुझं इंग्रजी कच्चं आहे, आधी सहा महिने स्पोकन इंग्लिश कर, मग जपानीला घेऊ. दोन्हीची फी मिळून माझा तीन महिन्यांचा पगार जाईल. इंग्रजी नसेल तर जपानी जमणारच नाही का?

जमेल. स्पोकन इंग्लिशचे पैसे भरू नकोस. इंग्रजी इतर ठिकाणी उपयोगी पडतं, वेळ मिळेल तेव्हा जरूर शीक. पण जपानीच्या दारावर इंग्रजीचा पहारा बसवलाय तो शिकवणाऱ्यांनी, जपान्यांनी नव्हे.

हे मी स्वतः सोसलंय. १९९६ साली मी जपानी शिकायला लागले. मीही मराठी शाळेतलीच. क्लासमध्ये पुस्तक इंग्रजी, समजावणं इंग्रजी. प्रत्येक वाक्य मी आधी मनात मराठीतून इंग्रजीत न्यायची, मग इंग्रजीतून जपानीत. माझी दोन वर्षं त्यात गेली. ‘ताबेते मिरु’ या रचनेवर तर मी आठवडाभर अडले होते. पुस्तकात अर्थ दिला होता ‘ट्राय ईटिंग’. आता ‘मिरु’ म्हणजे बघणे हे मला माहीत होतं, मग ‘प्रयत्न करणे’ कुठून आलं? एके संध्याकाळी मुलुंडहून लोकलने येत होते. शेजारची बाई रडणाऱ्या मुलापुढे राजगिऱ्याचा लाडू धरून म्हणाली, ‘अरे, खाऊन बघ तरी!’ ठाणे येईपर्यंत मी तेच घोकत होते. ताबेते, खाऊन. मिरु, बघ. शब्दाला शब्द.

त्या दिवसापासून मी जपानी मराठीतून शिकले, आणि आजही मराठीतूनच शिकवते. ‘मोत्ते कुरु’ म्हणजे घेऊन येणे. ‘मोत्ते इकु’ म्हणजे घेऊन जाणे. ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे खाऊन टाकणे. ‘शिते ओकु’ म्हणजे करून ठेवणे, त्यात ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. या ‘ओकु’वर पहिल्या दिवशी सगळा वर्ग हसतो, म्हणूनच तो शब्द पुढे कोणी विसरत नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यातल्या प्रत्येक रचनेसाठी स्वतंत्र नियम पाठ करावा लागतो. तुला आईने हे नियम दोन वर्षांचा असतानाच शिकवलेत.

वाक्याची ठेवणही बघ. ‘मी स्टेशनवर मित्राला भेटलो.’ जपानीत : वाताशि वा, एकि दे, तोमोदाचि नि, आइमाशिता. एकि म्हणजे स्टेशन आणि ‘दे’ म्हणजे आपला ‘वर’. तोमोदाचि म्हणजे मित्र आणि ‘नि’ म्हणजे आपला ‘ला’. शेवटी क्रियापद, आपल्यासारखंच. इंग्रजीतून विचार करणारी मुलं इथे ‘नि’च्या जागी कर्माचा प्रत्यय ‘ओ’ घालून चुकतात, कारण इंग्रजीत मित्राला ‘ला’ लागत नाही. मराठी मुलगा मित्राचा ‘ला’ कसा विसरेल?

तुझ्या कंपनीत भिंतीवर फाइव्ह एसचा फलक असेल. बहुतेक ठिकाणी असतो. सेइरि, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. म्हणजे नको ते काढणे, लागेल ते जागच्या जागी लावणे, साफ करणे, ते तसंच टिकवणे आणि अंगवळणी पाडणे. हे पाच शब्द तू रोज पाहतोस. ‘त्सु’चा उच्चार ‘चुना’तल्या ‘चु’सारखा कर. हिंदी बोलणाऱ्यांना हा दंत्य ‘च’ शिकवावा लागतो, आपल्या तोंडात तो आहेच.

आता मराठी कुठे फसवते, तेही सांगते. आपण बाहेरच्या माणसाला म्हणतो, ‘आमचे साहेब आले नाहीत.’ साहेबांना आदरार्थी बहुवचन. जपानीत बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या साहेबांविषयी आदराचं रूप वापरत नाहीत, उलट नम्रतेचं वापरतात आणि नावापुढचं, आपल्या ‘जी’सारखं ‘सान’ही गाळतात. मराठी मुलांना हे उद्धटपणाचं वाटतं आणि ती चुकतात. कांजी, म्हणजे चित्रासारखी अक्षरं, यात मराठीची काडीची मदत नाही. तिथे वही आणि हात.

व्हिसाचंही थोडक्यात सांगते. जपानने एप्रिल २०१९ पासून ‘तोकुतेइ गिनो’ म्हणजे विशिष्ट कौशल्य असलेल्या कामगारांसाठी व्हिसा सुरू केला. जानेवारी २०२१ मध्ये भारताने त्यासाठी जपानशी करार केला. पहिल्या टप्प्यात साधारणपणे पाच वर्षंच राहता येतं, कुटुंबाला नेता येत नाही. त्याला दोन परीक्षा लागतात : एक कामाच्या कौशल्याची, दुसरी भाषेची. भाषेसाठी जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एन-४ पातळी (सगळ्यात सोपी एन-५, तिच्या वरची एन-४) किंवा जेएफटी-बेसिक ही दुसरी परीक्षा चालते. दोन्हींत इंग्रजीचा पेपर नसतो. जेएलपीटी जुलैच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, अर्ज काही महिने आधी भरावे लागतात. माझ्याकडे कामावरून सुटून रोज दीड तास येणारी आणि घरी तासभर वही उघडणारी मुलं एन-४ ला आठ-दहा महिन्यांत पोचतात. तीन महिन्यांत पोचवतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस.

आणखी एक. भाषेच्या या दोन्ही परीक्षांत बोलण्याची चाचणी नाही. उत्तराचा पर्याय निवडायचा, बस. पण मशीनजवळ कोणी ‘आबुनाइ!’, म्हणजे ‘सांभाळ, धोका!’, म्हणून ओरडलं तर पर्याय निवडायला वेळ नसतो, हात मागे घ्यावा लागतो. म्हणून क्लास निवडताना एकच विचार : आठवड्यात किती वेळ आम्हाला बोलायला लावता? उत्तर सरळ आलं नाही तर उठून ये.

प्रश्न : मी जीएनएम नर्स आहे, वय २७, राहणार कळवा. ठाण्यातल्या एका खाजगी रुग्णालयात चार वर्षं आहे. जर्मनीला पाठवणाऱ्या एका एजन्सीने साडेचार लाख मागितले आहेत. तीन महिन्यांत जर्मनची बी-१ पातळी करून देतो म्हणतात. मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट आताच जमा करायला सांगितलंय. घरचे दागिने ठेवायला तयार आहेत. काय करू?

दागिने कपाटातच राहू द्या. मूळ प्रमाणपत्रं कोणाच्याही ताब्यात देऊ नका. प्रती द्या, साक्षांकित करून द्या, मूळ कागद दाखवा आणि परत घ्या. तुमची जीएनएमची कागदपत्रं दुसऱ्याच्या कपाटात गेली की तुम्हाला ‘नको’ म्हणायची सोय उरत नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी अशीच अडकली होती. क्लास सोडायचं ठरवलं तेव्हा कागद परत मिळवायलाच पाच महिने गेले. तेवढ्यात इथली नोकरीही गेली.

आता पैशाचं बघू. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास, म्हणजे परदेशी कामाला जाण्याविषयीच्या, कायद्याखाली नोंदणी लागते. कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. नोंदणी आहे की नाही, हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतं. म्हणूनच साडेचार लाखांना ‘प्रशिक्षण’, ‘प्रक्रिया’, ‘दस्तऐवज’ अशी नावं दिली जातात. कशाचे किती, हे लेखी मागा. भाषेच्या क्लासची फी वेगळी असणं रास्त आहे, पण ती क्लासच्या पावतीवर हवी.

नर्सच्या बाबतीत जर्मनीत मालकाने खर्च करायचा अशी पद्धत सरकारनेच पुढे आणली आहे. ‘ट्रिपल विन’ हा जर्मन सरकारी संस्थांचा उपक्रम आहे. केरळ सरकारच्या नोर्का या परदेशस्थ केरळी लोकांसाठीच्या संस्थेशी त्यांनी २०२१ मध्ये करार केला, त्यात नर्सकडून भरतीचे पैसे घेत नाहीत. खाजगी संस्थांसाठी ‘फेअर आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड’ असा न्याय्य भरतीचा शिक्का आहे. जर्मनीतला मालक आणि तिथली मध्यस्थ संस्था कोण, याची नावं मागा आणि हा शिक्का त्यांच्याकडे आहे का ते तपासा.

आणि बी-१ ने काम संपत नाही. युरोपातल्या भाषांच्या पातळ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत जातात. नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला साधारणपणे बी-२ लागतं. तुमचं इथलं शिक्षण तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतात. जे कमी भरेल त्यासाठी तिथे पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानाची परीक्षा द्यावी लागते, आणि तोवर तुम्ही सहायक म्हणून काम करता. जर्मन शिकवणाऱ्या ग्योथे इन्स्टिट्यूटच्या हिशोबाने बी-२ पर्यंत पोचायला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. नाइट ड्यूटी सांभाळून हे तीन महिन्यांत होणं शक्य नाही. सव्वा ते दीड वर्ष धरा.

पण शिका नक्की. जर्मन मराठी माणसाला परकी नाही, हे मी शेजारच्या खोलीत जर्मनचा वर्ग घेणाऱ्या मैत्रिणीकडे बसून पाहिलंय. ती रक्तदाबाचे आकडे भराभर सांगते आणि मुली लिहून घेतात. ‘हुंडर्ट-फ्युन्फ-उंड-ड्रायसिश’, म्हणजे शंभर, पाच आणि तीस. इंग्रजी माध्यमाच्या हुशार मुली आधी पाच लिहितात, मग तीन, आणि पानावर होतात १५३. मराठीतल्या मुली सरळ लिहितात १३५. कारण आपलं पस्तीस म्हणजेही पाच-तीस, बावीस म्हणजे दोन-वीस. जर्मन ‘त्स्वाय-उंड-त्स्वान्त्सिश’ तेच म्हणतं. सांभाळायचं ते एकोणतीस, एकोणचाळीस इथे. आपण पुढच्या दशकातून एक वजा करतो, जर्मन माणूस सरळ ‘नऊ आणि वीस’ म्हणतो. रुग्णाचा आकडा आहे, म्हणून एवढं लांबण लावलं.

तो-ती-तेची तीन लिंगंही तुमच्याकडे आहेत. जर्मनमध्ये मुलगी, ‘मेडशेन’, नपुंसकलिंगी आहे हे ऐकून इतरांना धक्का बसतो. आपण ‘ते पोरगं’ म्हणतोच ना! मात्र शब्दाचं लिंग मराठीवरून ठरवायला जाऊ नका. प्रत्येक नामासोबत त्याच्या लिंगाची खूण, ‘देर’, ‘दी’ किंवा ‘दास’, पाठ करा.

राज्य सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यात भाषेच्या मोफत प्रशिक्षणाचाही विचार होता. त्याविषयी शिक्षण विभागात चौकशी करा, पण त्या भरवशावर आजचा वर्ग थांबवू नका.

प्रश्न : ऐरोलीला राहते. वय ४१, बी.कॉम., लग्नाआधी आणि नंतर मिळून आठ वर्षं अकाउंट्समध्ये काम केलं. आता मुलं मोठी झाली. परदेशी जायचं नाही. भाषा शिकून इथेच काम मिळेल का? वय आड येईल का?

तुमच्याकडे भाषेपेक्षा मोठी गोष्ट आधीच आहे, ती म्हणजे आठ वर्षांचं अकाउंट्स. ऐरोली, महापे, ठाणे इथल्या कार्यालयांतून युरोपातल्या कंपन्यांची बिलं तपासणं, पुरवठादारांचा हिशोब जुळवणं ही कामं चालतात. ज्याला जर्मन किंवा फ्रेंच बी-२ येतं आणि डेबिट-क्रेडिटही कळतं असा माणूस तिथे शोधून सापडत नाही. निव्वळ भाषांतराच्या मागे लागू नका, साध्या पत्राचं भाषांतर आता यंत्र करतं. पण बिल दोनदा लागलंय हे ओळखून हॅम्बुर्गच्या पुरवठादाराला फोन करणं, त्याचा राग ऐकून घेणं, चूक कोणाची ते सभ्यपणे सांगणं याला माणूस लागतो.

वयाचा प्रश्न नोकरी देणारे काढतील, खोटं कशाला सांगू? म्हणून ए-१, ए-२ वर थांबून अर्ज करत बसू नका, त्या पातळीवर इथे जवळजवळ काही मिळत नाही. दीड-दोन वर्षं सलग द्यायची तयारी असेल तरच हात घाला. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातल्या जर्मन आणि फ्रेंच विभागांत चौकशी करा. जर्मनसाठी काळा घोड्याचं मॅक्स म्युलर भवन आणि फ्रेंचसाठी अलियाँस फ्राँसेज यांचे वर्ग ऑनलाइनही असतात. माझ्या वर्गातली सगळ्यात नेटकी वही नेहमी चाळिशीतल्या बाईची असते.

प्रश्न : मुक्काम उरण तालुका. मुलगा वेल्डर, नववी पास. सौदीला चालला आहे. त्याला अरबी यायला हवी का? तिकडे सगळे हिंदी बोलतात म्हणे.

साइटवर हिंदी चालेल, दादा. कागदावर नाही चालणार. आखाती देशांत करार दोन भाषांत असला तरी वाद झाल्यावर तिथल्या न्यायालयात अरबी मजकूर धरला जातो. म्हणून अरबी प्रत इथेच कोणाकडून तरी वाचून घ्या आणि पगार, कामाचे तास, सुट्टी हे तिन्ही ताडून बघा.

त्याला निदान आकडे शिकवा. हे एका संध्याकाळचं काम आहे आणि त्यात धोका मोठा आहे. अरबीत गोल काढलेला दिसला तर तो शून्य नसतो, पाच असतो. शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यामुळे १५०० लिहिलेले असतील तर एक उभी रेघ, एक गोल आणि दोन ठिपके दिसतील. दोन्ही पायांवर उभा घडवंचीसारखा आकार म्हणजे आठ, तोच उलटा केला की सात. पोराला पगाराच्या पावतीवर हे ओळखता आलंच पाहिजे.

शब्द तर त्याला निम्मे येतात. हिशोब, हक्क, तारीख, वकील, मालक, दवा हे सगळे अरबीतून आपल्याकडे आलेत, थोडा उच्चार बदलला की झालं. नवे शिकायचे ते ‘रातिब’ म्हणजे पगार, ‘इजाझा’ म्हणजे रजा, ‘खतर’ म्हणजे धोका. ‘इकामा’ म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, तो त्याच्या स्वतःच्या खिशात हवा.

दहावी नसल्याने त्याच्या पासपोर्टला उत्प्रवास परवानगी लागेल. ती ई-मायग्रेटवरून रीतसर घ्या, ‘टुरिस्टवर जा, तिकडे बघू’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. परवानगीसोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमा येतो. निघण्याआधीचं एक दिवसाचं मार्गदर्शन असतं, तेही चुकवू देऊ नका.

प्रश्न : ॲपवर शिकून एन-५ होईल का? (घणसोली)

अक्षरं आणि शब्द होतील. पण चुकलेलं वाक्य ऐकून ‘असं नाही, असं’ म्हणणारा माणूस मात्र हवा.

प्रश्न : मी कोपरखैरणेला राहते, वृद्धांच्या सेवेचं, म्हणजे काइगोचं प्रशिक्षण घेते आहे. एन-४ झालं. पण आजारी माणूस दुखणं सांगताना वापरतो ते ‘झुकिझुकि’, ‘चिकुचिकु’ असले जोडशब्द डोक्यात राहतच नाहीत. पुस्तकात सगळ्यांचा अर्थ ‘पेन’ दिला आहे.

पुस्तक चुकीच्या भाषेतलं आहे, तुमचं डोकं ठीक आहे. इंग्रजी पुस्तकाने एका शब्दात गुंडाळलेलं दुखणं मराठीत दहा तऱ्हांनी सांगतात. माझ्या वर्गात कळव्याची एक मुलगी होती, आधी वॉर्डमध्ये मदतनीस म्हणून काम केलेली. ‘झुकिझुकि’ समजावताना मी छातीच्या ठोक्याबरोबर मूठ उघड-मीट करून दाखवली, तर ती ताडकन म्हणाली, ‘ताई, ठणका!’ मग तिनेच पुढची यादी केली. ‘चिकुचिकु’ म्हणजे टोचतंय. ‘हिरिहिरि’ म्हणजे चुरचुरतंय, भाजल्यावर होतं तसं. ‘किरिकिरि’ म्हणजे पोटात कळ येते. ‘गानगान’ म्हणजे डोक्यात घण बसतात. ‘झोकुझोकु’ म्हणजे हुडहुडी. ‘मुकामुका’ म्हणजे मळमळ, आणि ‘गुरुगुरु’ म्हणजे गरगर. शेवटच्या दोन जोड्या तर सख्ख्या बहिणी वाटतात.

काइगोसाठी एन-४ शिवाय काइगोच्या जपानीची वेगळी परीक्षा आणि कौशल्याचीही परीक्षा असते, ते तुम्हाला ठाऊक असेलच. पण हे शब्द परीक्षेपुरते शिकू नका. रात्री अडीच वाजता नव्वदीच्या आजीबाई पोट धरून ‘किरिकिरि’ म्हणतील की ‘मुकामुका’, यावर तुम्ही कोणाला उठवायचं ते ठरेल.

तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी आजी असतीलच. आज त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, काल रात्री गुडघा नेमका कसा दुखत होता. त्या जो शब्द वापरतील तो वहीत डावीकडे लिहा. उजवीकडची बाजू रिकामी ठेवा, आणि रविवारी सकाळी दहाला वही घेऊन कोपरीला या.